म्हणजेसाहेब

आमच्या लाँड्रीत तो आणि मी एकाच सकाळी कामाला लागलो. दोघंही बाविशीतले, दोघांच्याही हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, आणि दोघांनाही एकच काम: ओल्या चादरींच्या ट्रॉल्या ढकलायच्या. पंचवीस वर्षांनी तो त्याच इमारतीत काचेच्या केबिनमध्ये बसू लागला आणि मी त्या केबिनच्या दाराशी, पाठवणीच्या टेबलावर. लोकांना वाटतं मी त्याच्यावर जळतो. जळायला माझी काही हरकत नव्हती, पण जळावं असं त्याच्यापाशी होतं काय? एक आवाज. तेवढा मात्र होता.

दोन मोठी हॉस्पिटलं आणि पाच-सहा हॉटेलं यांचं कापड आमच्याकडे येई. मागच्या दाराने मळकी गाठोडी आत, मग धुण्याचे सहा ड्रम, मग पाणी पिळून काढणारं मशीन, मग रोलरची इस्त्री. हा रोलर म्हणजे खोलीएवढा लांब, तापलेला लोखंडी दंडगोल. एका बाजूने दोन बायका ओलसर चादर ताणून आत सोडायच्या, दुसऱ्या बाजूने ती कोरडी होऊन बाहेर यायची. पुढे घडीची टेबलं आणि शेवटी, पुढच्या दाराशी, मी. फाटलेलं कापड जिन्याने वर रफूच्या खोलीत जाई. खाली सगळी यंत्रं एकदम चालू झाली की शेजारच्याचा शब्द शेजारच्याला ऐकू येत नसे. ह्याचा येई. हा ड्रमपाशी उभा राहून "ट्रॉली" म्हणाला की वरच्या खोलीतल्या बायका सुई थांबवायच्या. थोरले मालक एकदा खाली आले, त्यांनी तो आवाज ऐकला आणि आठवड्याभरात ह्याला मुकादम करून टाकलं. का, तर ह्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. ह्याला कोणाचं ऐकू येतं का, हे तपासायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माणसाला वर चढवताना ते कोणी तपासलेलं मी तरी आजवर बघितलेलं नाही.

मुकादम असताना तो दिवसभर ओरडायचा. पण खरं सांगायचं तर ते दिवस बरे होते. तो ओरडला की समोरचाही ओरडायचा. रोलरवर चादर सोडणारी एक बाई होती, हात इतके लांब की एकटी दोघींचं काम करायची, तिला आम्ही उंचताई म्हणायचो. ती तर ह्याच्या तोंडावर सांगायची, की आधी वाफ दे आणि मग चादरी माग. भांडणात का होईना, वाफ कमी पडतेय हे सगळ्या मजल्याला कळायचं. मागच्या शेडमध्ये सगळी यंत्रं सांभाळणारे फिटरकाका असायचे, ते हातातलं टाकून बॉयलरकडे जायचे. अर्ध्या तासात वाफ यायची, आणि भांडण कशावरून झालं होतं ते दुपारच्या चहापर्यंत दोघं विसरलेले असायचे.

त्याची बायको आमच्यातलीच. वर रफूच्या खोलीत खिडकीखाली बसायची, आजही मी तिला वहिनीच म्हणतो. फाटकं कापड हातात घेतलं की ते कशाने फाटलं ते ती सांगायची. हे खाटेच्या बिजागरीत अडकलं, हे औषधाने जळलं, हे कुत्र्याने ओढलं. आमची पैजा लावायची सोय होती ती. लग्नाआधी तो तिला भेटायला वर जायचा तेव्हाही बोलायचा तोच. ती खाली मान घालून टाके घालायची. आम्हाला वाटायचं लाजते. आता वाटतं, कंटाळलेली असावी.

थोरले मालक थकले, त्यांची मुलगी कारभार बघू लागली. तिने ह्याला व्यवस्थापक केलं आणि मग तिला ह्याच्या ओरडण्याचा त्रास होऊ लागला. तिला दोष देत नाही, कोणालाही झाला असता. तिने त्याला तीन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. एका हॉटेलच्या हॉलमध्ये, वरिष्ठांनी हाताखालच्या लोकांशी कसं बोलावं आणि त्यांचं कसं ऐकावं, हे शिकवणारं शिबिर. शुक्रवारी आमचा भोंगा गेला आणि सोमवारी एक फाइल, एक प्रमाणपत्र आणि एक मऊ, ओलसर आवाज परत आला.

त्या शिबिरात काय शिकवलं ते आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं, कारण त्याने ते आमच्यावर जसंच्या तसं वापरलं. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. डोळ्यांत बघायचं. थोडं पुढे झुकायचं. मान हलवायची. समोरच्याचं संपलं की त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं. शेवटी, "तू मोकळेपणाने बोललास हे मला आवडलं," असं म्हणून डायरीत लिहायचं. इथे पूर्णविराम. पुढे काही करायचं असतं हे बहुधा चौथ्या दिवशी शिकवणार असावेत, आणि शिबिर तीनच दिवसांचं होतं.

सोमवारी सकाळी आमचा ड्रायव्हर आत गेला. गाडीचं मागचं दार लागत नाही, दोरीने बांधून आणलंय, असं त्याने सांगितलं. साहेब पुढे झुकले, मान हलवली.

"म्हणजे तुझं म्हणणं असं की, गाडीचं मागचं दार लागत नाही."

ड्रायव्हर म्हणाला, हो.

"तू मोकळेपणाने बोललास हे मला आवडलं."

ड्रायव्हर बाहेर आला आणि माझ्या टेबलापाशी उभा राहिला. दाराचं काय करायचं, हे त्याने मला विचारलं. मी म्हणालो, तुझं बोलणं साहेबांना आवडलंय, आता दाराला अजून काय हवं? दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर त्याचं नाव म्हणजेसाहेब पडलं. दार पुढे वर्षभर दोरीनेच बांधलेलं होतं.

इतकंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण ऐकण्याची त्याला चटकच लागली. दर गुरुवारी तीन ते चार हा ऐकण्याचा तास ठरला. केबिनबाहेर एक बाक आला, नंबराचे बिल्ले आले. एका वेळी एकानेच आत जायचं, दार लावायचं, आत बोललेलं आतच राहील असा साहेबांचा शब्द. शब्दाचा पक्का होता तो. आत बोललेलं खरोखर आतच राहायचं. सोबत भिंतीवर एक कागद लागला: तक्रारी मजल्यावर मोठ्याने बोलू नयेत, त्याने वातावरण बिघडतं, प्रत्येकाने गुरुवारी येऊन सांगाव्यात. दोघा-तिघांना ओरडून बोलल्याबद्दल समजही मिळाली, तीही मऊ आवाजात. उंचताईने फिटरकाकांना हाक मारणं सोडलं. फिटरकाकांनी मजल्यावर फिरणं सोडलं. रफूच्या बायका फाटकी चादर घेऊन खाली यायच्या आणि "हे बघा काय केलंत" म्हणायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. मजला शांत झाला. मालकीणबाई खूश झाल्या. मढ्याच्या खोलीतही अशीच शांतता असते, पण हे त्यांना कोण सांगणार? गुरुवारची वाट बघावी लागली असती.

घरीही हेच चालू होतं. त्याच्या मुलीला बाहेरगावी शिकायला जायचं होतं. ते तिने बापाला सांगितलं, बापाने तिचंच वाक्य तिला परत दिलं आणि मोकळेपणाचं कौतुक केलं. मुलगी पंधरा दिवस उत्तराची वाट बघत राहिली. शेवटी वहिनीनेच फॉर्म भरला आणि मुलगी गेली. तेव्हापासून तिचा फोन आईलाच यायचा. तो मला सांगायचा, मुलीशी माझा संवाद हल्ली फार छान आहे, वाद असा होतच नाही.

आणि मग चादरी फाटायला लागल्या.

मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी. फाटायच्या म्हणजे चिंध्या नव्हे. नखाएवढं भोक, काटकोनात. घडी घातली की दिसायचं नाही. पहिल्या आठवड्यात वर रफूला आठ आल्या, दुसऱ्यात तीस, पुढे मोजणं सोडून दिलं. वर ज्या आल्या नाहीत, त्या घडीतून तशाच माझ्या टेबलावर येऊन गाडीत चढल्या. दोन-चार मला दिसल्याही होत्या. मी त्या चढू दिल्या. सांगून काय होणार, असं मला वाटलं. हे मी लपवत नाही.

वहिनीने एका मंगळवारी घरी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. तो जेवत होता. त्याने मऊ आवाजात तिला सुचवलं की कामाचं घरी नको, त्याने दोन्ही बिघडतं, गुरुवारी तास आहे. हे तिने मला नंतर सांगितलं. सांगताना ती चिडली नव्हती, दुसऱ्या कोणाबद्दल ऐकलेलं सांगावं तसं सांगत होती.

गुरुवारी ती आली. तिसऱ्या नंबराचा बिल्ला घेऊन बाकावर बसली. तिच्या आधी फिटरकाका, त्यांच्या आधी उंचताई. केबिनचं दार त्या दिवसांत नीट लागत नसे, चार बोटांची फट राहायची, आणि ही तक्रार त्याच्याकडे न्यायची कोणाला इच्छा नव्हती. त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू यायचं. मी कपात चहा घेऊन तयारीतच बसायचो. गुरुवारी माझी तेवढीच करमणूक होती.

उंचताई म्हणाली, की दुपारी दोननंतर रोलरवर चादर सोडताना डाव्या हाताला ती कशात तरी अडकते, हिसका देऊन सोडवावी लागते. सकाळी अडकत नाही.

"म्हणजे तुझं म्हणणं असं की, दुपारनंतर तुला थकवा येतो."

"थकवा नाही. चादर अडकते."

"म्हणजे ती अडकते असं तुला वाटतं."

उंचताई उठली. मोकळेपणाचं कौतुक तिला उभ्यानेच मिळालं.

मग फिटरकाका. त्यांचं म्हणणं असं, की ते रोज सकाळी सातला, रोलर तापायच्या आधी, सगळं तपासतात आणि काही सापडत नाही. पण रोलरच्या तोंडाशी चादर ज्या लोखंडी पट्टीवरून आत जाते, ती जुनी झिजली म्हणून बदलली, आणि नवी मिळेना म्हणून दुसऱ्या मशीनची काढून ठोकून बसवली. तिच्यावर त्यांचा भरवसा नाही.

"म्हणजे सकाळी तपासता तेव्हा रोलर ठीक असतो."

"सकाळी ठीक असतो, पण..."

"उत्तम. तुम्ही हे सांगितलंत ते मला आवडलं."

मग वहिनी. तिने हातातल्या पिशवीतून तीन चादरी काढून टेबलावर पसरल्या. तिची पाठ माझ्याकडे होती, त्याचा चेहरा मला काचेतून दिसत होता. स्वतःच्या बायकोसमोर तो पुढे झुकला, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मान हलवायला लागला. लग्नाला चोवीस वर्षं झालेला माणूस.

ती म्हणाली, "या सगळ्या एकाच जागी फाटतात. डाव्या काठापासून वीतभर आत. आणि सगळ्या निळ्या चिठ्ठीच्या गठ्ठ्यातल्या आहेत. पांढऱ्या चिठ्ठीतली एक नाही." आमच्याकडे सकाळच्या गठ्ठ्यांना पांढरी चिठ्ठी लागायची आणि दुपारच्या गठ्ठ्यांना निळी.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं की..."

"तुमचं?" वहिनी म्हणाली.

फाइलमध्ये याचं उत्तर नसावं. मग त्याने सांगितलं, की कामाच्या जागी सगळे सारखे, म्हणून. आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, "म्हणजे तुमचं म्हणणं असं की, चिठ्ठ्यांच्या रंगांचा घोळ होतोय."

तिने चादरी गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि बाहेर आली. नंबराचा बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला. आत तो डायरीत लिहीत होता.

एका तासात, एका खुर्चीत बसून, त्या माणसाला तीन तोंडांनी सगळं उत्तर मिळालं होतं. दुपारीच अडकते. सकाळी तपासलं की सापडत नाही. पट्टी परकी आहे. फाटतं तिथेच, आणि दुपारच्याच गठ्ठ्यांत. याहून सोपं करून सांगायचं तर चित्र काढून द्यावं लागलं असतं. त्याने तिघांचं तीन पानांवर लिहिलं, खाली तारीख टाकली आणि डायरी मिटली. मी त्याला नावं ठेवतो, पण तिघांचं मीही ऐकलं होतं. मी ऐकलं ते गंमत म्हणून. संध्याकाळी घरी जाऊन नक्कल करून दाखवायची म्हणून. त्याला समजलं नाही आणि मी समजून घ्यायला बसलोच नव्हतो. आमच्या दोघांत फरक असलाच तर इतकाच, की त्याला पगार जास्त होता.

पुढच्या सोमवारी मोठ्या हॉस्पिटलची मुख्य सिस्टर स्वतः आली. ठेंगणी, पन्नाशीची बाई, पांढरे बूट. तिच्यामागे आमच्याच गाडीतून चादरींच्या चार ट्रॉल्या परत. मालकीणबाई त्या दिवशी केबिनमध्येच होत्या. सिस्टरने एक चादर उलगडून साहेबांच्या टेबलावर टाकली, भोकातून बोट वर काढलं आणि सांगितलं, की अशा अकराशे मोजल्यात. रुग्णाच्या पायाची बोटं यात अडकतात, दोरा नखात गुंततो, परवा एक म्हातारबुवा खाटेवरून उतरताना पडता पडता वाचले.

तो पुढे झुकला. मी टेबलावरून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता नको, अरे, आता नको.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं की, चादरींना भोकं आहेत."

सिस्टरने बोट तसंच ठेवलं. "माझं म्हणणं नाही ते," ती म्हणाली, "ते भोक आहे."

मालकीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग चादरीकडे. त्यांनी चादर उचलली आणि मला विचारलं की रफूचं काम कोण बघतं. मी जिना दाखवला आणि त्यांच्यामागोमाग वर गेलो, कारण हे चुकवायचं नाही असं मी ठरवलं होतं.

वर वहिनी टाके घालत होती. मालकिणीला बघून ती उठली नाही, मांडीवर कापड होतं. तिने चादर बघितली. नवऱ्याला जे सांगितलं होतं ते पुन्हा सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग मला म्हणाली, की खालून उंचताईला आणि फिटरकाकांना वर बोलवा, दोघांना एकदम. एकेकाला नको.

मी गेलो आणि दोघांना घेऊन आलो. वहिनीने उंचताईला एवढंच विचारलं, "कुठल्या हाताला अडकते?" ती म्हणाली, डाव्या, दुपारी. फिटरकाकांचा हात तिथेच कपाळावर गेला. ते म्हणाले, की दुपारी? मला हे कोणी बोललं नाही, मी तर थंड असताना बघतो. उंचताई म्हणाली, बोलले होते ना, गुरुवारी. तेही म्हणाले, मीही गुरुवारीच बोललो. दोघांनी मग वहिनीकडे बघितलं, आणि वहिनीने खिडकीबाहेर.

सात मिनिटं लागली असतील. दोन वाजता सगळे रोलरपाशी जाऊन उभे राहिले. सकाळी सपाट असणारी पट्टी सहा-सात तास तापून डाव्या टोकाला नखभर उचलली गेली होती. दोन मशिनांची मापं निराळी, ठोकून बसवलेल्या पट्टीला फुलायला जागा नव्हती, मग ती उचलायची. फिटरकाकांनी तिच्याखालून कागदाची चिठ्ठी सहज आरपार सरकवली. रोलर थंड करून त्यांनी पट्टी कानशीने दोन दोऱ्यांएवढी कमी केली. संध्याकाळच्या गठ्ठ्यात एक चादर फाटली नाही.

हे चाललं होतं तेव्हा म्हणजेसाहेब कुठे होते? खालीच होते, आमच्यापासून दहा पावलांवर. घडीच्या बायकांना त्यांनी गोळा केलं होतं आणि या कठीण प्रसंगी त्यांना काय वाटतंय ते विचारत होते.

तुम्हाला वाटेल, आता त्याला काढलं असेल. इतकी वर्षं नोकरी करून मला तरी तसं वाटलं नव्हतं. मालकीणबाईंच्या बाकीच्या शाखांचं एक मुख्य कार्यालय दुसऱ्या गावी होतं. तिथल्या कागदांवर आमची शाखा पहिली होती: वर्षात बावन्न ऐकण्याचे तास, एकही गुरुवार चुकलेला नाही. त्याला तिकडे बढती मिळाली. सगळ्या शाखांच्या मुकादमांना कसं ऐकायचं ते शिकवायला. निरोपाच्या दिवशी तो माझ्याकडे आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, की तुझ्या मनात काही असेल तर बोल. मी म्हणालो, काही नाही. खोटं बोललो. पण खरं बोललो असतो तर ते त्याला आवडलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं.

मजला वहिनीकडे आला. तिने आधी नाही म्हटलं. मग सांगितलं, बघते, पण रफूचं टेबल सोडणार नाही. टेबल खाली आणलं, रोलर आणि घडीच्या मध्ये, आणि ती तिथे बसायला लागली. भिंतीवरचा कागद फाडला. बाक ड्रमवाल्यांना डबा खायला दिला.

ती चांगली ऐकणारी होती असं मी म्हणणार नाही. त्या शिबिरात तिला नापासच केलं असतं. तुम्ही बोलत असताना ती तुमच्याकडे बघायची नाही, टाके घालत राहायची. मध्येच तोडायची. "ते झालं, कधीपासून ते सांग," असं म्हणायची. ड्रमवाल्यांपैकी एक लांबण लावायचा, त्याला तर ती बोटांनी "आटप" अशी खूण करायची. कोणाच्या मोकळेपणाचं कौतुक तिने कधी केलं नाही. तिचा स्वभाव तापट होता, आणि एकदा चूक नसताना तिने मला चारचौघांत झापलं. दुसऱ्या दिवशी चूक तिची होती हे तिला कळलं, तेव्हा तेही तिने चारचौघांतच सांगितलं, झापलेल्याच सुरात. पण तुम्ही काही सांगून गेलात, की थोड्या वेळाने ती टेबलावरून उठायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि तिथे जाऊन बघायची. मजला पुन्हा आरडाओरड्याने भरला. गाडीचं दार दुरुस्त झालं. सहा वर्षं तिने ते काम केलं आणि त्या सहा वर्षांत हॉस्पिटलची सिस्टर एकदाच आली, तीही वहिनीला भेटायला.

तो शनिवारी घरी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. आठवड्याभरात कुठल्या शाखेत किती माणसं रडली ते तो तिला सांगायचा. ती चहा करायची. त्या दोघांत भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. भांडायला दोघांनी एकाच गोष्टीबद्दल बोलावं लागतं.

तो निवृत्त झाल्यावर एका संस्थेने नव्या मुकादमांसाठी त्याचं भाषण ठेवलं. त्याने मलाही बोलावलं. मी मागच्या रांगेत बसलो. साठेक तरुण माणसं होती, वह्या घेऊन. त्याने सांगितलं, की आमच्या लाँड्रीत एकदा चादरी फाटत होत्या. मी तीन माणसांना एकामागून एक बोलावलं, मध्ये एक शब्द न बोलता त्यांचं ऐकलं, आणि प्रश्न सुटला. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "पण सर, बिघाड नेमका कशात होता?"

तो पुढे झुकला, मान हलवली. म्हणाला, "छान प्रश्न. पण बिघाड महत्त्वाचा नाही. त्यांचं ऐकलं गेलं, हे महत्त्वाचं."

मुलीने लिहायचं थांबवलं. शेजारच्याने लिहिलं.

बाहेर पडल्यावर मी त्याला अडवून विचारलं, की अरे, खरंच सांग, कशात होता? तो म्हणाला, ड्रममध्ये ना? मग म्हणाला, की तेव्हा मला कोणी नीट सांगितलंच नव्हतं.

तिथेच, हॉलच्या पायऱ्यांवर, मी बोललो. तीस वर्षांचं साठलेलं सगळं बोललो. उंचताई, फिटरकाका, वहिनी, मुलगी, पट्टी, सगळं. आवाज चढवून बोललो, येणारे-जाणारे बघत होते. तो ऐकत होता. चेहरा शांत, नजर माझ्या डोळ्यांत. संपल्यावर त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "बरं झालं बोललास. मन हलकं झालं ना?" मग रिक्षा दिसली म्हणून घाईने पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडे गेलो आणि भाषणाचं सगळं सांगितलं, तो मुलीला काय म्हणाला तेही. माझी अपेक्षा होती की ती निदान हसेल. ती उशीचा अभ्रा शिवत होती, नजर वर न करता ऐकत राहिली. मी थांबल्यावर तिने विचारलं,

"हॉलमध्ये पंखे होते का? त्याला हल्ली उकाडा सोसत नाही. रात्रभर तळमळत होता."

मी आठवून सांगितलं, की दोन होते, त्यातला त्याच्या डोक्यावरचा बंद होता.

"वाटलंच," ती म्हणाली, आणि आत त्याला पाणी न्यायला उठली.